पानांवरील गांठी व मुळांवरील गांठी

पावसाळा निम्मा सरला कीं बांधावरील झाडांच्या पानांकडे शेतकऱ्याची नजर जाते, आणि त्याच सुमारास आमच्या भागांत एक प्रश्न दरवर्षीं कानीं येतो : “करंजाच्या पानांवर फोड आले आहेत, आंब्याच्या पानांवर गांठी आल्या आहेत, आतां कोणतें औषध मारावें?” प्रश्न विचारणाऱ्यास उत्तरही ताबडतोब मिळतें, कारण उत्तर देणारा बहुधा औषध विकणाराच असतो. परंतु ती गांठ कोणी केली, ती झाडास बाधते किंवा नाहीं, आणि बाधत असल्यास औषध तेथपर्यंत पोंचतें कीं काय, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. हे प्रश्न आधीं विचारावे व औषधाचा विचार त्यानंतर करावा, असें आमचें मत आहे; आणि हें मत सकारण मांडावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नाहीं. महसूल खात्याच्या दप्तरांत नोंदी करण्यांत त्याचें नोकरीचें आयुष्य गेलें. पंचनाम्याच्या निमित्तानें इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत आणि पेठेपासून चांदवडपर्यंत पायीं हिंडावें लागलें, त्यांत झाडें पाहण्याची संवय जडली. निवृत्तीनंतर ही संवय वाढली आहे. जें पाहिलें तें जाणत्यांच्या पुस्तकांशीं ताडून घेतलें आहे, आणि तेवढेंच येथें सांगितलें आहे.

गांठ म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. कीटक, डोळ्यांस न दिसणारे कोळी, सूत्रकृमि, बुरशी किंवा जंतु यांपैकीं कोणी झाडाच्या कोवळ्या भागांत शिरलें, अगर तेथें अंडें घातलें, म्हणजे त्या ठिकाणची झाडाची वाढ आपली रीत सोडून वेगळ्या रीतीनें होऊं लागते. त्या वाढीस आपण गांठ म्हणतों. घर परक्याचें, पण दगडमाती सारी झाडाची, असा हा प्रकार आहे. आंत राहणाऱ्यास त्यांत आसरा मिळतो आणि अन्नही मिळतें. विशेष हें कीं, प्रत्येक जातीचा रहिवासी आपल्या ठराविक झाडावर, ठराविक भागावर व ठराविक आकाराचीच गांठ करवितो. आंब्यावरची गांठ करणारी माशी करंजावर जात नाहीं, आणि करंजावरचा कोळी आंब्यास शिवत नाहीं. म्हणून झाड व गांठीचा आकार हीं दोन नीट ओळखलीं कीं करणारा बहुतेक कळतो. त्याचप्रमाणें “करंजावरचा रोग माझ्या पिकावर येईल” ही भीति बव्हंशीं निराधार ठरते.

गांठी कीटकांमुळें होतात ही गोष्ट युरोपांतही फार जुनी नाहीं. मालपिघी नांवाच्या इटालियन वैद्यानें सन १६७९ मध्यें गांठी चिरून, त्यांच्या आंतील अंडीं व अळ्या पाहून, त्यांचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. तत्पूर्वीं हे किडे झाडाच्या अंगांतूनच आपोआप उपजतात, अशी विद्वानांची देखील समजूत होती. आपल्या देशांत एम. एस. मणी या कीटकशास्त्रज्ञानें आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें या एका विषयास दिलीं. गांठींच्या जीवनक्रमावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सन १९६४ मध्यें, आणि भारतांतील गांठींवरील ग्रंथ सन १९७३ मध्यें प्रसिद्ध झाला. मराठींत मात्र सामान्य शेतकऱ्याच्या हातीं द्यावें असें या विषयावरील पुस्तक आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, हा विषय आम्हांस परका आहे. तसें नाहीं. आपल्या प्रत्येकाच्या घरांत बाळगुटीची पिशवी असे, व अद्यापि कित्येक घरीं आहे. त्यांतील मायफळ सहाणेवर उगाळतांना तें कोणत्या झाडाचें फळ असावें, असा प्रश्न कोणास पडला असेल. मायफळ हें फळच नव्हे. इराण व तुर्कस्तान या बाजूस होणाऱ्या ओक जातीच्या झाडावर एक लहान गांधीलमाशी अंडें घालते, आणि त्या ठिकाणीं जी टणक गांठ होते, तेंच मायफळ. त्याच पिशवींतील काकडशिंगी ही देखील हिमालयाच्या बाजूच्या झाडावर मावा जातीच्या किडीनें केलेली पोकळ गांठ आहे. मायफळाचा तुरट अर्क व हिराकस यांपासून काळी शाई होते, व युरोपांतील दस्तऐवज शेंकडों वर्षें याच शाईनें लिहिले जात. आपल्याकडे हिरडा व हिराकस यांपासूनही तशीच शाई होई. तेव्हां ज्या गांठी आपल्या मुलांच्या पोटांत गेल्या आणि ज्यांच्या रसानें दस्तऐवज टिकले, त्या सर्व गांठींस सरसकट रोग म्हणणें योग्य नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्यांत कोणत्या गांठी कोठें पाहावयास मिळतात, तें सांगतों. त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. आंब्याच्या पानांवर मसुरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, गोल व टणक गांठी असतात. कोवळेपणीं त्यांतील एक गांठ पात्यानें चिरली असतां आंत पाय नसलेली, पिवळसर अगर तांबूस, अगदीं बारीक अळी सांपडते. ही एका चिलटासारख्या माशीची अळी होय. पान जून झालें म्हणजे त्याच गांठीवर सुईनें पाडल्यासारखें छिद्र दिसतें. याचा अर्थ रहिवासी घर सोडून गेला. करंजाच्या पानांवर बोटाच्या पेराप्रमाणें वर आलेले हिरवट फोड दिसतात. ते चिरले तर आंत कांहींच दिसत नाहीं. कारण त्यांचा कर्ता एक कोळी असून त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें पांचव्या हिश्शाएवढी असते. त्यास पायही चारच असतात. उंबराच्या पानांवर मोसाप्रमाणें गांठी येतात, त्या उड्या मारणाऱ्या एका बारीक तुडतुडीसारख्या कीटकाच्या पिलांच्या होत. जांभळीच्या पानांवर आणि शहरांतून रस्त्याच्या कडेस लावलेल्या सातविणीच्या पानांवर ज्या गांठी दिसतात, त्याही याच कुळांतील कीटकांच्या. त्र्यंबक, हरसूल, पेठ या बाजूच्या रानांत सादडा, हिरडा व काकड हीं झाडें आहेत. त्यांपैकीं काकडाच्या पानांवर पावसाळ्यानंतर वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, गोल व रसरशीत गांठी लागतात. नवखा मनुष्य त्यांस फळेंच समजतो. परंतु फळ पानाच्या पात्यावर लागत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

ओळखण्याची रीत साधी आहे, पण ती क्रमानें पाळली पाहिजे. प्रथम झाड निश्चित करावें. झाड चुकलें तर पुढील सर्व श्रम व्यर्थ. नंतर गांठ पानावर, देंठावर, कोंबावर, फुलावर कीं मुळावर, हें पाहावें. पानावर असल्यास वरच्या बाजूस कीं खालच्या, शिरेवर कीं शिरेबाहेर, गुळगुळीत कीं लवदार, हें टिपावें. मग धारदार पात्यानें चिरून आंत दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून पाहावें. बिनपायांची अळी असेल तर माशी अगर गांधीलमाशी. पाय व डोळे असलेलीं चपटीं पिलें असतील तर तुडतुडीसारख्या कीटकाचें कुळ. बारीक, लांबट व चपळ पुष्कळ किडे असतील तर फुलकिडे. आणि कांहींच न दिसतां आंत केवळ लव दिसेल तर कोळी, असा सर्वसाधारण अंदाज बांधावा. चिरलेल्या भागांत झाडाचा गर दिसला पाहिजे. तो नसेल, आणि नखानें खरवडून तें निघून येत असेल, तर ती गांठ नसून खवले कीड अगर पिठ्या ढेकूण असण्याचा संभव आहे.

कोणी गांठींचीं पानें बरणींत घालून तोंडास मलमल बांधून ठेवतात व जो कीटक बाहेर येईल त्यासच गांठीचा कर्ता मानतात. येथें फसगत होते. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, ही स्थिति आपण जमिनीच्या कामांत नेहमीं पाहतों. गांठींतही तसेंच आहे. मूळ करणाऱ्याच्या अंगांत अंडें घालून त्यास आंतल्या आंत खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, आणि दुसऱ्यानें केलेल्या घरांत पोटभाडेकरूसारखे राहणारेही असतात. बरणींतून पुष्कळदां हेच बाहेर येतात. या परोपजीवी माश्या आपल्या मित्र होत. गांठीच्या पोटांत बसलेल्या अळीपर्यंत अंगास लागून मारणारें औषध पोंचत नाहीं. उलट गांठीबाहेर हिंडणाऱ्या या मित्रमाश्या मात्र त्याच फवाऱ्यांत मरतात. म्हणजे चोर घरांत सुरक्षित राहतो आणि गस्तवाला मारला जातो.

भातावरील गादमाशीचें उदाहरण या संबंधांत पाहण्याजोगें आहे. तिची अळी रोपाच्या वाढत्या कोंबापाशीं जाते, आणि त्या कोंबाची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, रुपेरी नळी बनते. तो फुटवा लोंबी धरीत नाहीं. ही गांठ खरोखर नुकसानीची आहे, आणि पूर्व विदर्भांतील भात पिकविणाऱ्यांस ती चांगली ठाऊक आहे. परंतु या माशीसही एक अत्यंत बारीक गांधीलमाशी वैरी आहे, व एका अळींतून तिचीं अनेक पिलें निघतात. सबब नळ्या दिसतांच फवारा हातीं न घेतां, कांहीं नळ्या चिरून आंतील अळी निरोगी आहे कीं पोखरलेली, हें पाहणें शहाणपणाचें.

उंबराविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. उंबर फोडलें कीं आंत किडे दिसतात, व ते पाहून झाड किडकें आहे असें म्हणणारे लोक भेटतात. वास्तविक उंबर म्हणजे आंत वळलेला फुलांचा गुच्छच होय. एक बारीक गांधीलमाशी त्याच्या तोंडांतून आंत शिरते, सोबत आणलेला पराग फुलांस देते, आणि कांहीं फुलांत अंडीं घालते. अंडें पडलेल्या फुलाची गांठ होते, व उरलेल्या फुलांत बीं धरतें. माशीवांचून उंबरास बीं नाहीं, आणि उंबरावांचून त्या माशीस घर नाहीं. पक्षी, वटवाघुळें व माकडें ज्या फळांवर जगतात तीं फळें या गांठींच्या आश्रयानेंच होतात. ज्या गांठीनें झाडाचा वंश चालतो, तिला कीड म्हणून झाडावर कुऱ्हाड घालणें हा अन्याय आहे.

पानांवरील बहुतेक गांठी झाडास फारशी इजा करीत नाहींत, हें यावरून दिसून येईल. फार दाट झाल्या तर कोवळीं रोपें खुरटतात, तेव्हां रोपवाटिकेंत तशीं पानें खुडून जाळावीं. परंतु बांधावरील मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी. निफाडकडील एका गृहस्थांनीं पानांवर फोड येतात एवढ्याच कारणावरून बांधावरचे सात करंज तोडलेले आम्हीं पाहिले आहेत. त्या करंजांची सावली गेली, बीं गेलें, पेंड गेली, आणि वाऱ्याचा आडोसाही गेला. ज्या पिकाच्या काळजीनें झाडें तोडलीं, त्या पिकास त्या कोळ्यापासून कसलेंच भय नव्हतें.

याच्या उलट प्रकार जमिनीखालीं आहे. जी गांठ डोळ्यांस दिसते तिला आपण भितों, आणि जी मातींत दडलेली असते ती उभें पीक खाऊन टाकते. टोमॅटो, वांगी, भेंडी, वेलभाज्या, द्राक्षें व डाळिंबें यांच्या मुळ्यांवर ज्या गांठी होतात त्या सूत्रकृमींच्या. विलायतेंत बर्कले यानें सन १८५५ मध्यें काकडीच्या मुळ्यांवर त्या प्रथम वर्णिल्या. दक्षिण हिंदुस्थानांत चहाच्या मुळ्यांवर सन १९०१ मध्यें त्यांची नोंद झाली. मातींतील पिलूं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतें. तें मुळींत शिरून एके ठिकाणीं ठाण मांडतें, मुळी तेथें फुगते, आणि मादी तेथेंच शेंकडों अंडीं घालते. उष्ण हवेंत ही पिढी सुमारें महिन्याभरांत पुरी होते. हलक्या, रेताड जमिनींत यांचें फार फावतें. वर लक्षणें काय दिसतात? झाड भर दुपारीं मान टाकतें, पानें पिवळीं पडतात, वाढ खुंटते. शेतकरी समजतो पाणी कमी पडलें. तो पाणी वाढवितो. मग समजतो खत कमी पडलें. तो खत वाढवितो. मुळी उकरून मात्र पाहत नाहीं.

आमच्या आप्तांपैकीं एकानें बागलाणांत डाळिंबाची बाग लावली. कलमें एका रोपवाटिकेंतून आणलेलीं, वरून हिरवींगार. तिसऱ्या वर्षीं झाडें एकामागून एक सुकूं लागलीं. पिशव्यांच्या मातींतूनच सूत्रकृमि शेतांत आले होते, हें मुळ्या धुऊन पाहिल्यावर ध्यानांत आलें. पण तोंवर ती माती ठिबकाच्या प्रत्येक नळीखालीं पोंचली होती. कलमें घेते वेळीं दहा पिशव्या फाडून मुळ्या धुतल्या असत्या, तर दहा कलमांचें मोल गेलें असतें आणि बाग वांचली असती. त्या एका बागेवर कर्ज होतें, व दोन मुलांचें शिक्षणही होतें. म्हणून आम्ही हा विषय केवळ हौसेचा मानीत नाहीं.

मुळ्या पाहतांना एक भेद मात्र अवश्य जाणावा. हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळ्यांवरही गांठी असतात, आणि त्या तर शेतकऱ्याचें धन होत; कारण त्यांतील जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात. हितकर गांठ मुळीच्या अंगास बाहेरून चिकटल्यासारखी असते, बोटानें चोळतां सुटून येते, व कापली असतां आंत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गांठ म्हणजे मुळीच फुगलेली असते. ती सोडवूं गेल्यास मुळी तुटते, गांठ सुटत नाहीं. एवढी एक परीक्षा प्रत्येक घरांतील शाळकरी मुलास देखील करतां येईल.

पाहणी केव्हां करावी, यासंबंधीं फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांचा इतिहास बोधप्रद आहे. सन १८६० नंतरच्या दशकांत तेथील वेली वाळूं लागल्या. लोक मेलेल्या वेली उपटून पाहत, व मुळांवर कांहींच सांपडत नसे. सन १८६८ च्या जुलैंत प्लांशों नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं अद्यापि जिवंत असलेल्या वेलीचीं मुळें खणून पाहिलीं, तेव्हां त्यांवर पिवळ्या बारीक किडींचे थवे आढळले. वेल मरतांच कीड शेजारच्या वेलीवर जात असे. फिलॉक्सेरा नांवाची ही कीड मुळांवर व कांहीं वेलींच्या पानांवर गांठी करते. ती अमेरिकेंतून आलेल्या रोपांबरोबर तेथें गेली होती. शेवटीं अमेरिकन खुंटावर कलमें बांधूनच तो उद्योग वांचला. आपल्या जिल्ह्यांत डॉगरिज या अमेरिकन खुंटावर द्राक्षाचीं कलमें बांधतात, तीं मुख्यतः खारें पाणी व अवर्षण यांस टिकावीं म्हणून; तरी खुंटाची निवड हा केवढा मोठा प्रश्न आहे हें त्यावरून कळावें. या इतिहासापासून घ्यावयाचा धडा असा कीं, मेलेलें झाड उपटून शोक करण्यापेक्षां, आजारी पण जिवंत असलेल्या झाडाची मुळी पाहावी.

गुलाब व द्राक्ष यांच्या बुंध्याशीं, मातीच्या लगत, जी खडबडीत मोठी गांठ होते, ती जंतूची. हें सन १९०७ मध्यें अमेरिकेंत सिद्ध झालें. हा जंतु जखमेंतून शिरतो. म्हणून कलमाचा चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावा व गांठाळलेलें रोप घेऊं नये. याच जंतूच्या अंगीं आपला गुणधर्म झाडांत घालण्याची शक्ति आहे, आणि तिचाच उपयोग करून शास्त्रज्ञांनीं तो बीटी कापूस तयार केला, ज्यास आपल्या देशांत सन २००२ मध्यें परवानगी मिळाली. गांठीच्या अभ्यासांतून शेतीवर केवढा परिणाम होऊं शकतो, याचें याहून मोठें उदाहरण देतां येणार नाहीं.

“शेतकऱ्यास हें पाहण्यास वेळ कोठें आहे? हें काम विद्यापीठाचें,” असा आक्षेप येईल. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत सूत्रकृमींचे जाणकार आहेत, आणि त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु त्यांच्याकडे नमुना कोणी न्यावयाचा? ज्यास गांठ दिसली, त्यानेंच. फवारणीस जो दिवस जातो त्याच्या अर्ध्या वेळांत दहा मुळ्या खणून, धुऊन पाहतां येतात. मुळी मात्र उपटूं नये. उपटतांना बारीक मुळ्या मातींतच राहतात. खुरप्यानें किंवा टिकावानें मातीसह काढावी.

तरी आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, आपल्या संघानें प्रत्येक गांवीं एक दहापट भिंग व एक नोंदवही ठेवावी. तींत तारीख, गांव, झाड, भाग, आकार व आंत काय सांपडलें, इतके रकाने असावेत, आणि जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेलें पान सोबत असावें. दुसरी, भाद्रपद-आश्विनांत शाळेच्या मुलांस एक दिवस बांधावर व रानांत नेऊन गांठी दाखवाव्या. तिसरी, सभासदांनीं कोणत्याही रोपवाटिकेंतून माल घेते वेळीं मुळ्या धुऊन पाहण्याची अट घालावी, व जो ती मान्य करणार नाहीं त्याचा माल घेऊं नये. चौथी, मुळांवर सूत्रकृमि आढळल्यास उन्हाळ्यांत खोल नांगरट, निंबोळी पेंड व झेंडूचा फेरपालट हे उपाय करावे; झेंडूच्या मुळ्यांतील द्रव्य सूत्रकृमींस मारक आहे, आणि दसऱ्यास फुलांचे पैसेही होतात. पांचवी, गांठीचा कर्ता नोंदवहींत लिहिला गेल्यावांचून बांधावरील झाडास कुऱ्हाड लावूं नये.

यांपैकीं तिसऱ्या सूचनेस कांहीं खर्च नाहीं, आणि नुकसान टाळण्याचें सामर्थ्य तिच्यांतच सर्वांत अधिक आहे. येत्या वार्षिक सभेपुढें निदान तेवढी सूचना ठरावाच्या रूपानें यावी, आणि सभासदांनीं तिचा अनुकूल विचार करावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.

— एक निवृत्त महसूल कारकून, नाशिक